कलायचं कुणीकडं?

पंचेचाळीस वर्षं मी गावभर सांगत आले, की लग्नाला महिना व्हायच्या आत आमच्या ह्यांनी मला फटफटीवरून पाडलं. बारशांत सांगितलं, डोहाळजेवणांत सांगितलं, कन्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तर दर वर्षी नव्या बाईंना चहाबरोबर सांगितलं. परवा नातीच्या मोटारसायकलवर मागं बसून जिंतूरहून राणीसावरगावला जाऊन आले आणि कळलं, की त्यांनी मला पाडलंच नव्हतं. मी त्यांना पाडलं होतं.

झालं असं. माझं माहेर राणीसावरगावचं, डोंगरातलं. तिकडच्या गाडीवाटा अशा, की बैलगाडीचं एक चाक कायम दुसऱ्यापेक्षा वर. गाडी डाव्या अंगाला कलली की आम्ही पोरं झटकन उजव्या अंगाला सरकायचो. हे कुणी शिकवत नाही. जे पोर सरकत नाही ते बाभळीच्या काट्यांत पडतं, आणि पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी सरकतं.

तर अशी सरकण्यात तरबेज झालेली एकोणीस वर्षांची शहाणी जिंतूरला सून म्हणून आली आणि नवऱ्याच्या फटफटीवर पहिल्यांदा बसली. देवगाव फाट्याच्या अलीकडं एक वळण आहे. नवऱ्यानं गाडी डावीकडं झुकवली. मागं बसलेल्या शहाणीनं संसाराची पहिली जबाबदारी ओळखली आणि उजवीकडं कलली. नुसती कलली नाही. हिरव्या बांगड्यांसह, शालूसह, सासूबाईंनी दिलेल्या लाडवांच्या डब्यासह कलली. फटफटी न वळता सरळ कापसात गेली. बोंडं फुटली होती म्हणून मऊ लागलं. अंगावरचा कापूस झटकत ती शहाणी पहिलं वाक्य बोलली, "चालवता येत न्हाई तर बसवता कशाला?"

हे उठले. त्यांनी लाडू गोळा केले. महिनाभरात फटफटी विकली, आणि तिथून पुढं तहसीलमधून निवृत्त होईपर्यंत एसटीनं फिरले.

जिंतूर

मुक्ता माझी नात, सुधाकरची मुलगी. पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकल घेऊन तिकडं दक्षिणेत शर्यतीच्या ट्रॅकवर जाते. शर्यत लावायला नाही, शिकायला. तिथं एकाच जागी गोल गोल फिरतात आणि पुन्हा निघाले तिथंच येतात. मी म्हटलं, हे तर आमच्या घाण्याच्या बैलालाही येत होतं, आणि तेलसुद्धा निघायचं.

तिची जुनी गाडी बारकी. ट्रॅकवर तिचे ब्रेक तापतात, इंजिन केकाटतं आणि वळणात गाडी अंग चोरते. आता तिची एक मैत्रीण परदेशी चालली होती, आणि तिची मोठी गाडी मुक्ताला द्यायला तयार होती. पुढच्या रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं. मुक्ता ती गाडी दाखवायला घरी घेऊन आली. अंगणात तुळशीपुढं ती उभी राहिली तेव्हा तुळसच पाहुणी वाटायला लागली.

"आजी, चार सिलिंडर हायेत हिला," मुक्ता म्हणाली.

"आपल्याकडं दोन हायेत. एक भरलेला अन् एक रिकामा."

"थट्टा करू नको गं! क्लच न दाबता गिअर पडतात. ब्रेक असे की दोन बोटांनी थांबते. अन् ह्या स्प्रिंगा बघ, मागच्या-पुढच्या, वजन बघून आवळता येतात. रस्त्याला वेगळ्या, ट्रॅकला वेगळ्या."

सुधाकर पायरीवर बसून ऐकत होता. त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे. त्याला पेरल्यावर उगवतं तेवढंच पटतं. मुक्ता स्वतःच्या कमाईची, पण बापानं मान हलवल्याशिवाय गाडी घेणार नव्हती. आणि बापाला तिच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून त्यानं आयतं कुंपण शोधलं.

"आजीला मागं बसवून राणीसावरगावला जाऊन ये," तो म्हणाला. "आजी धड परत आली अन् म्हणली गाडी बरी हाय, तर घे. न्हाईतर वापस कर."

त्याला खात्री होती. पंचेचाळीस वर्षं 'फटफटी म्हणजे आंधळा रेडा' म्हणणारी आई दाराबाहेरच पडणार नाही. त्याचा तो विश्वास बघून मला लगेच हो म्हणावंसं वाटलं.

जाणं ठरलं, पण बसणं कठीण. ह्या गाडीची मागची सीट पोळपाटाएवढी, आणि तीही उतरती. पाय ठेवायची जागा इतकी वर, की माणूस चुलीपुढं फुंकणी घेऊन बसावा तसा उकिडवा बसतो. लुगडं चाकात जाईल म्हणून सुधाकरची शाळेतली निळी पँट चढवली. वरून मुक्ताचं जॅकेट, ज्याच्या कोपरांत आणि पाठीत कडक तक्ते घातलेले. अंबाडा हेल्मेटात मावेना, तेव्हा शाळकरी पोरीसारखी वेणी घातली. आरशात बघितलं तर जत्रेतल्या मौत का कुआवाल्याची आई दिसत होते.

मुक्ता हातात पाना घेऊन मागच्या स्प्रिंगजवळ बसली. "आजी, तुझं वजन किती?"

"बावन्न."

खोटं नव्हतं. बावन्न किलो मी होते. सुधाकर पोटात यायच्या आधी.

सुधाकर म्हणाला, "आई, भ्याव वाटलं की फोन कर. मी जीप घेऊन येतो." जीपची चावी त्यानं हातातच ठेवली होती. हे फाटकापर्यंत आले आणि मुक्ताला म्हणाले, "वळणावर हिच्याकडं ध्यान ठेव." ह्या वयातही माझी एवढी काळजी, म्हणून हेल्मेटच्या आत मी लाजले.

देवगाव फाटा

जिंतूर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर उभी आणि तिच्यापलीकडं कापूस. वेचणीच्या बायका कंबरेला ओटी बांधून वाकलेल्या होत्या. आमचा आवाज आला की सगळ्या एकदम उठून बघायच्या. मी हात हलवायचे. एकीनं मला हात जोडले. बहुतेक निवडणुकीचं समजली असेल.

वेगाचं भय मला वाटलं नाही, खरंच सांगते. सरळ रस्त्यावर पोटात गुदगुल्या होत होत्या आणि मी मुक्ताच्या कानाशी "अजून! अजून!" म्हणत होते. हेल्मेटमुळं तिला ऐकू जात नव्हतं हे तिचं नशीब.

मग ते वळण आलं. तेच. मुक्तानं गाडी डावीकडं झुकवली आणि माझ्या अंगातलं राणीसावरगाव जागं झालं. मी उजवीकडं सरकले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सरकले होते त्यापेक्षा सोळा किलो जास्त घेऊन सरकले.

गाडी वळता वळता वळेना. रस्त्याची कड जवळ आली, मुक्तानं वेग कमी केला, गाडी साइडपट्टीच्या मुरुमावर उतरली आणि थांबली. पुढं कापूस होता. मला वाटलं, कापसानं मला ओळखलं.

मुक्तानं हेल्मेट काढलं. चेहरा उतरलेला. "काय झालं हिला? मागून पार बसली, वळेच ना. आजी, तुझं वजन नक्की बावन्नच हाय का?"

"थोडं इकडंतिकडं."

"किती इकडंतिकडं?"

फाट्यावर एक आडत दुकान आहे. सोयाबीनचे कट्टे लावलेले, दारात मोठा काटा. मुक्तानं मला दंडाला धरून काट्यापुढं नेलं. हेल्मेट काढलं तर गादीवरचा माणूस उठून उभाच राहिला. "बाई! तुमी?"

गजानन. बहिणीला पोहोचवायच्या निमित्तानं कन्या शाळेच्या फाटकावर रोज खाऊ विकायचा. मी त्याला एकदा भर उन्हात अर्धा तास उभं केलं होतं. आज मी त्याच्यापुढं उभी होते.

"वजन करायचं हाय," मुक्ता म्हणाली.

"कशाचं?"

"हिचं."

हमालांनी काम थांबवलं. मी काट्यावर चढले. गजाननानं आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि माणसानं सूड घ्यावा तर असा घ्यावा, इतक्या आदरानं म्हणाला, "अडुसष्ट भरायले, बाई. पर ओल धरून दोन किलो कटती लावू का?"

"कोरडी हाय मी! पूर्ण मांड!"

"बाईचा माल एक नंबर हाय रे," एक हमाल दुसऱ्याला म्हणाला. "कटती नको म्हणायल्या."

गजाननानं मिरचीची भजी आणि चहा मागवला. भजी खाऊ घालून तो म्हणाला, "बाई, त्या अर्ध्या तासाचं आता फिटलं बगा." मुक्तानं तोवर अडुसष्टाच्या हिशेबानं मागची स्प्रिंग आवळली. तिला हायसं वाटलं होतं. दोष सापडला होता. खोटं वजन.

पण सेलूकडं वळलो आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मुक्ता डावीकडं, मी उजवीकडं. ती उजवीकडं, मी डावीकडं. मी तर जीव तोडून मदत करत होते! परभणी येईतो तिच्या हातांचे लाकडाचे ओंडके झाले होते. गाडीवरून उतरून ती म्हणाली, "न्हाई जमणार, आजी. वळत न्हाई ही. फ्रेमच वाकडी असंल. उद्या वापस देती म्हणून कळवते."

सुधाकरनं ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. मलाच वाईट वाटलं. पोरगी रडली असती तर समजूत काढली असती. ती रडली नाही, दस्तीनं गाडीच्या टाकीवरची धूळ पुसत बसली.

परभणी

मुक्काम माझ्या मावसबहिणीकडं. सकाळी तिनं सुशीला केला. पुण्यात राहणाऱ्यांसाठी सांगते, ही बाई नव्हे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता आहे. त्यांच्या पोह्यांपेक्षा हलका, आणि वर शेंगदाण्याचा कूट असा सढळ, की पुण्यात तेवढ्यात चार पाहुणे निघतील. दोन बश्या खाल्ल्या. वजन आता जाहीरच झालं होतं.

वापस करायच्या आधी मुक्ताला गाडी एकदा एकटीनं तपासायची होती. गावाबाहेर तिच्या इथल्या एका मैत्रिणीच्या वडिलांचा बंद पडलेला जिनिंगचा कारखाना आहे. कापूस टाकायचं मोठं सिमेंटचं आवार, आता मोकळं. तिथं सरकीची रिकामी पोती ठेवून तिनं वळणं आखली. मला एका बाजूला खुर्चीवर बसवलं आणि लाल दस्ती दिली. "कुणी शेळ्या घेऊन आलं की ही हलव. मी थांबते." सदतीस वर्षं शाळा चालवल्यावर मला शेळ्या थांबवायचं काम मिळालं.

मुक्तानं कातड्याचा एकसंध पोशाख घातला. गुडघ्यांवर जाडजूड प्लास्टिकच्या वाट्या. सुटली. पहिल्या पोत्याशी आली आणि गाडी कलली. थोडी नाही हो, निजलीच. आणि ही पोरगी दुसऱ्या अंगाला सरकायची सोडून, ज्या अंगाला गाडी पडायली त्याच अंगाला लोंबकळली! गुडघा सिमेंटला घासला, खर्रर्र आवाज आला.

मी खुर्चीवरून उठले. लाल दस्ती गरगर फिरवत ओरडले, "उलट्या अंगाला कल गं! उलट्या अंगाला!"

ती पुढचं पोतं तशीच वळली. त्याच्या पुढचंही. गाडी कंपासनं काढल्यासारखी वळत होती. मी दस्ती हलवत आवारात धावले तेव्हा तिनं ब्रेक मारले.

"शेळ्या कुठंयत?"

"शेळ्या गेल्या मसणात! पडशील की! गाडी डावीकडं कलली की आपण उजवीकडं सरकायचं, एवढंबी कळंना व्हय तुला?"

मुक्तानं हेल्मेटची काच वर केली. माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"आजी. काल तू काय करायली होतीस?"

"तोल सावरायली होते! दोघींचा!"

ती खाली सिमेंटवर बसली आणि इतकी हसली की कातड्याच्या पोशाखात तिला श्वास घेता येईना. मग म्हणाली, "अगं आजी, ही बैलगाडी न्हाई. गाडी कलती तिकडंच आपणबी कलायचं. मागचा माणूस उलटा कलला, की गाडी वळतच न्हाई. सरळ जाती."

"सरळ म्हंजी कुठं?"

"म्हंजी रस्ता सोडून. शेतात."

मी पाणी प्यायले. तांब्याभर प्यायले. पोरगी हसत होती आणि मला ते वळण दिसत होतं, हिरव्या बांगड्या, कापसात लोळणारे लाडू, आणि एक माणूस काही न बोलता ते एकेक करून गोळा करतोय.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. गाडी वापस करू नको. फ्रेम माझी वाकडी हाय."

मग शिकवणी झाली. आधी खुर्चीवर, मग उभ्या गाडीवर, मग आवारात हळूहळू. मुक्ताचं सूत्र सोपं होतं, "ज्या अंगाला वळायचं त्या अंगाच्या माझ्या खांद्यावरून पुढं बघायचं. बाकीचं अंग आपोआप येतं." येत नाही. पंचेचाळीस वर्षांत किंवा त्याच्या आधीच्या एकोणीस वर्षांत अंगाला जे बसलंय ते हाडांत असतं. पण दुपारपर्यंत ते हाडांतून काढलं.

राणीसावरगाव

गंगाखेडला गोदावरी ओलांडताना मी पुलावरून नदीला नमस्कार केला, तेही मुक्ताच्या उजव्या खांद्यावरून. तिथून पुढं डोंगर सुरू होतो आणि रस्ता पिळे घेत वर चढतो. पहिल्या वळणाला मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा पडणाऱ्या बाजूला स्वतःहून पडले.

गाडी वळली.

काय सांगू! नदीचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी वळली. दुसऱ्या वळणाला डोळे उघडे ठेवले. सीताफळीची झुडपं तिरपी, डोंगर तिरपा, रस्त्यातली म्हैस तिरपी, आम्ही दोघी मात्र जगाशी मिळून. चौथ्या की पाचव्या वळणावर मी गाणं म्हणत होते. देवीच्या देवळापाशी उतरले तेव्हा मुक्ता म्हणाली, "आजी, तू मागं हायेस असं वाटलंच न्हाई." अडुसष्ट किलोच्या बाईला याहून मोठी शाबासकी काय असते?

माहेरी थोरला भाऊ नाना. त्यानं मला पँटीत बघितलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "तिकीट मिळालं न्हाई का गं एसटीचं?" वहिनीनं ज्वारीची गरम भाकरी आणि येसराची आमटी वाढली. जिंतूरची आमची आमटी वाटण करून. इकडं धान्य-मसाले भाजून दळलेलं येसर डब्यात वर्षभर तयार असतं, पाहुणा दारात दिसला की आमटी उकळायलाच लागते.

दुसऱ्या दिवशी नाना तूर बघायला बैलगाडी जुंपत होता. मी म्हटलं, मीही येते, कितीक वर्षं झाली बसून. तीच वाट, तेच दगड. ओढ्यापाशी डावं चाक खाली गेलं, गाडी डावीकडं कलली. आणि मी, कालच हाडं बदललेली मी, नानाच्या डाव्या खांद्यावरून पुढं बघत डावीकडं कलले.

थेट बाभळीत.

नाना बैल थांबवून वरून बघत राहिला. "फटफटीवर बसून डोंगर चढली," तो बैलांना म्हणाला, "अन् बैलगाडीतून पडली! ह्या बाईनं अख्खा गाव नासवला असता, बरं झालं जिंतूरला दिली."

कोपर चांगलं सोलवटलं होतं. ज्या जॅकेटला कोपराशी तक्ते होते ते खुंटीवर टांगून आले होते. बैलगाडीत कोण घालतं?

परत जिंतूर

येताना वळण नं वळण नीट. देवगाव फाट्याजवळच्या त्या वळणाला मुक्तानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघी मिळून उजवीकडं कललो. कापूस मागं गेला.

अंगणात गाडी थांबली. सुधाकर धावत आला, आणि त्याला माझ्या कोपराची पट्टी दिसली.

"पडलीस! मी म्हणलं होतं! मुक्ता, गाडी वापस."

"अरे, मी गाडीवरून न्हाई पडले. बैलगाडीतून पडले."

"आई, पोरीसाठी खोटं बोलू नको."

"नानाला फोन लाव!"

"नानामामा तुझाच भाऊ हाय."

मुक्ता माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं, आता मी बैलगाडीतून का पडले हे सांगायचं तर सगळं मुळापासून सांगावं लागणार. हे ओसरीवर बसून चहा पीत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तुळशीकडं बघून सांगितलं. गजाननाच्या काट्यापासून सुरुवात करून पाहिली, जमलं नाही. शेवटी देवगाव फाट्यापासूनच सांगितलं. पहिल्या देवगाव फाट्यापासून. लाडवांसकट. कोण कुणीकडं कललं, फटफटी का वळली नाही, पंचेचाळीस वर्षं मी कुणाचं नाव घेत राहिले, सगळं.

सुधाकरचं तोंड उघडंच राहिलं. लहानपणापासून त्यानं ही गोष्ट माझ्याकडून शंभरदा ऐकली होती; त्याच गोष्टीच्या भयानं तो स्वतः दोन चाकांत सायकलच्या पुढं गेला नाही आणि पोरीला अडवत होता. तो जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघायला लागला. मग उठला, गाडीची चावी काढून मुक्ताच्या हातात दिली आणि म्हणाला, "ट्रॅकवरच पळव. रस्त्यावर न्हाई." मुक्तानं त्याला मिठी मारली तेव्हा हेल्मेट त्याच्या पायावर पडलं.

हे मात्र तसेच बसून होते. मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. कप रिकामा झाला होता तरी हातातच होता. मी म्हटलं, "अहो, ऐकलं न्हवं? माझं चुकलं होतं त्या टायमाला."

त्यांनी कप खाली ठेवला, अंगणातल्या त्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं गं. पर तुला सांगण्यापेक्षा फटफटी विकणं सोपं होतं."